यार्देनेचे साधे पाणी

(मननासाठी शास्त्रभाग : २ राजे, अध्याय ५ वा)



गावात नवे औषध, नवे यंत्र किंवा नवी विद्या आली म्हणजे ती कोण स्वीकारतो आणि कोण नाकारतो, ह्याविषयी आम्हां सर्वांच्या मनात एक ठरीव कल्पना असते. शिकलेला मनुष्य स्वीकारतो, अडाणी नाकारतो. शहर पुढे जाते, खेडे मागे राहते. श्रीमंतास शास्त्र कळते आणि गरिबास अंगारा पुरतो, अशी ती कल्पना होय. ती ऐकण्यास सोपी आहे, आणि शिकलेल्यांच्या कानांस गोडही लागते. परंतु ती खरी आहे काय? जी गोष्ट आम्ही इतक्या सहज बोलतो तिची एकदा पारख करून पाहणे हे आमचे कर्तव्य नव्हे काय?

ही पारख आपण ह्या आठवड्यात लसीच्या इतिहासावरून करू. कारण शास्त्रावर मनुष्याचा विश्वास आहे की नाही हे त्याच्या बोलण्यावरून कळत नाही; सुई त्याच्या लेकराच्या दंडाजवळ आली म्हणजे कळते. आणि मननासाठी आपण नामानाची कथा घेऊ. ही कथा रोगमुक्तीची आहे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. तथापि निरनिराळ्या दर्जाचे लोक एकाच हितवार्तेकडे कोणकोणत्या डोळ्यांनी पाहतात, ह्याचीही ती कथा आहे. तीत एक दासी आहे, एक राजा आहे, एक सेनापती आहे, त्याचे चाकर आहेत आणि संदेष्ट्याचा एक लोभी सेवक आहे. गोष्ट सर्वांपुढे एकच. पण मने पाच प्रकारची.

प्रथम दासीकडे पाहू. अरामी टोळ्यांनी इस्राएल देशावर धाड घातली तेव्हा ही लहान मुलगी धरून नेण्यात आली. शास्त्राने तिचे नावदेखील नोंदविलेले नाही. आईबापांपासून तोडलेली, परक्या घरी राबणारी ती एक पोर. परंतु सेनापतीचे कोड कोठे जाईल हे त्या सबंध वाड्यात तिलाच ठाऊक होते. आणि ज्या घराने तिला दासी केले त्याच घरास तिने ते सांगितले.

अगदी अशीच गोष्ट १८ व्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील बोस्टन शहरी घडली. त्या शहरात कॉटन मॅदर नावाचे एक विद्वान पाळक होते. १७०६ साली त्यांच्या मंडळीने त्यांस एक आफ्रिकी गुलाम विकत घेऊन दिला. मनुष्य विकत घ्यावा आणि पाळकास भेट म्हणून द्यावा, हे पाप त्या मंडळीस पाप वाटले नाही, हे आम्ही येथे झाकून ठेवीत नाही. पाळकांनी त्या मनुष्याचे नाव ओनेसिम ठेवले. फिलेमोनास लिहिलेल्या पत्रात ज्या पळून गेलेल्या दासासाठी पौल रदबदली करतो, त्याचेच हे नाव. तुला देवी आल्या होत्या काय, असे पाळकांनी त्यास विचारले तेव्हा त्याने आपल्या देशातील रीत सांगितली : देवीच्या फोडातील थोडा पू घेऊन निरोगी मनुष्याच्या कातडीस बारीक चीर पाडून तेथे लावतात; त्यास थोडासा ताप येतो, काही फोड येतात, आणि मग जन्मभर देवींचे भय राहत नाही. त्याने आपल्या हातावरील वणही दाखविला. पाळकांनी ही माहिती १७१६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविली. विद्येच्या त्या मोठ्या दरबारात एका गुलामाची साक्ष अशा रीतीने जाऊन पोहोचली.

पुढे १७२१ साली बोस्टनमध्ये देवीची भयंकर साथ आली. शहराची वस्ती सुमारे ११,००० होती. त्यांपैकी जवळजवळ ६,००० लोकांस देवी आल्या आणि ८४४ मरण पावले. मॅदर ह्यांनी शहरातील वैद्यांस हा उपाय करून पाहण्याची विनंती केली. झब्दीएल बॉयल्स्टन ह्या एकाच वैद्याने ती मानली, आणि त्याने आरंभ केला तो आपल्या स्वतःच्या ६ वर्षांच्या मुलापासून. त्या साथीत त्याने सुमारे २४० लोकांस टोचले; त्यांपैकी ६ मेले. म्हणजे ज्यांस आपोआप देवी आल्या त्यांत सातांमागे एक मेला. ज्यांस टोचले त्यांत चाळिसांमागे एक. वाचकहो, ही मोजणी ध्यानात ठेवा. दासाने सांगितलेली गोष्ट दासाने सांगितली म्हणून खोटी ठरत नाही, त्याप्रमाणेच ती केवळ कोणी सांगितली म्हणून खरीही ठरत नाही. ती करून पाहावी लागते, आणि किती जगले व किती मेले हे प्रामाणिकपणे मोजावे लागते. बातमी आणि ज्ञान ह्यांत भेद आहे तो हाच.

इंग्लंडातही असेच झाले. गाईंच्या सडांवर फोड येतात, ते धार काढणारीच्या हातास लागले म्हणजे तिला पुढे देवी येत नाहीत, हे तेथील खेड्यांतील गवळणींस फार पूर्वीपासून ठाऊक होते. बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने १७७४ साली साथीच्या दिवसांत आपल्या बायकोस व दोन मुलांस ह्या गाईच्या फोडांतील द्रव टोचला, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याची छी थू केली. २२ वर्षांनंतर, १७९६ साली, एडवर्ड जेन्नर ह्या वैद्याने सेरा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरील फोडातून द्रव घेऊन एका मुलास टोचला, त्याचा परिणाम पाहिला, लिहिला आणि १७९८ साली छापून प्रसिद्ध केला. जगास लस मिळाली ती ह्या रीतीने. तिच्या मुळाशी गुलाम आहे, शेतकरी आहे, गवळण आहे. आणि त्यांचे ऐकून पारख करणारा वैद्यही आहे. दोघांपैकी एकही नसता तर लस नसती.

आता सेनापती नामानाकडे वळू. तो घोडे व रथ घेऊन अलीशाच्या दाराशी उभा राहिला. संदेष्टा बाहेर आला नाही. त्याने चाकराकडून निरोप पाठविला की, यार्देनेत सात वेळा बुडी मार. सेनापतीस संताप आला. रोग बरा होणार नाही असे त्याचे म्हणणे नव्हते. त्यास वाटले होते की आपल्यासारख्यासाठी काही मोठा समारंभ होईल, संदेष्टा पुढे येऊन हात फिरवील. शिवाय नदीतच बुडावयाचे तर दिमिष्काच्या अबाना व परपर ह्या नद्या इस्राएलातील सर्व पाण्याहून उत्तम नव्हत्या काय? उपाय साधा आहे, परक्यांचा आहे, आणि तो सांगणारा आपल्या बरोबरीचा नाही, हे त्याचे दुखणे होते.

बोस्टनमध्ये टोचण्यास विरोध कोणी केला असे तुम्हांस वाटते? रस्त्यावरील अडाणी लोकांनी केला खरा. परंतु त्यांच्या पुढारीपणाचा मान शहरातील वैद्यांकडे जातो. त्यांत अग्रभागी होता विल्यम डग्लस. विद्यापीठाची वैद्यकीय पदवी असलेला त्या शहरात तोच एक होता. आफ्रिकी गुलामांच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा ह्याचीच त्यास चीड आली. जेम्स फ्रँकलिन ह्याचे नवे वृत्तपत्र ह्या पक्षास मिळाले. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात कोणी तरी मॅदर पाळकांच्या घरात पेटता बाँब फेकला. त्याची वात गळून पडली म्हणूनच घरातील माणसे वाचली. आमच्या ठरीव कल्पनेप्रमाणे पाळकाने शास्त्रास विरोध करावा आणि वैद्याने शास्त्राची बाजू घ्यावी. येथे सर्व उलटे झाले. कारण प्रश्न विद्येचा नव्हता, मानाचा होता. आणि डग्लसच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे : टोचलेल्या मनुष्यापासून इतरांस रोग लागण्याची भीती तो दाखवीत होता, आणि ती अगदी निराधार नव्हती. पुढे त्यानेही टोचण्याचा उपयोग मान्य केला. अभिमान उतरला म्हणजे विद्वान पुन्हा विद्वान होतो.

त्या वृत्तपत्राच्या छापखान्यात मालकाचा धाकटा भाऊ बेंजामिन उमेदवारी करीत होता. हाच पुढे विजेच्या शोधांमुळे जगप्रसिद्ध झालेला बेंजामिन फ्रँकलिन. वयात आल्यावर तो टोचण्याच्या बाजूचा झाला. परंतु १७३६ साली त्याचा ४ वर्षांचा मुलगा देवीने वारला. त्यास टोचलेले नव्हते. टोचल्यामुळेच मूल मेले अशी आवई उठली, तेव्हा त्या बापाने दुःखातही ती खोटी असल्याचे वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. आपण मुलास टोचून घेतले नाही ह्याची खंत त्यास म्हातारपणीही होती, आणि इतर आईबापांनी धडा घ्यावा म्हणून ती त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली. शास्त्रावर पूर्ण विश्वास असलेल्या मनुष्याच्या घरातही एक दिवसाची दिरंगाई अशी आड येते.

ही जुनी गोष्ट झाली, आता तसे नाही, असे कोणी म्हणेल. त्यांनी पुढील माहिती ऐकावी. लंडनच्या वेलकम ह्या विश्वस्त संस्थेने २०१८ साली १४० हून अधिक देशांतील १,४०,००० हून अधिक लोकांस शास्त्राविषयी व लसीविषयी प्रश्न विचारविले. लस निर्धोक आहे असे मानणारे आमच्या दक्षिण आशियात शंभरांत ९५ निघाले. पश्चिम युरोपात ५९. ज्या फ्रान्स देशात लुई पाश्चरने लसीची विद्या वाढविली, त्या देशात तीन मनुष्यांपैकी एकाने लस निर्धोक नाही असे उत्तर दिले. म्हणजे दवाखाने, शाळा व पैसा जेथे विपुल तेथे विश्वास विपुल असतोच असे नाही. ज्यांनी घटसर्पाने गुदमरणारे किंवा पोलिओने लुळे पडलेले लेकरू शेजारी पाहिले आहे, त्यांस लसीची किंमत सांगावी लागत नाही. ज्यांच्या गावातून लसीनेच तो रोग घालविला, त्यांस रोग आठवत नाही. सुई तेवढी दिसते. ह्यास्तव, प्रिय खेडूत बंधूंनो, अडाणी म्हणून तुमची कोणी थट्टा केली तर खजील होऊ नका. आणि शिकलेले म्हणून तुम्ही दुसऱ्याची थट्टा करू नका. नामानाच्या अंगावरील झगा मोलाचा होता, पण कोड त्या झग्याखालीच होते.

तिसरा मनुष्य इस्राएलचा राजा. अरामाच्या राजाचे पत्र वाचताच त्याने आपली वस्त्रे फाडली. हा आपल्याशी भांडण उकरून काढीत आहे, असे त्यास वाटले. उपदेशक ह्या राजास भित्रा म्हणून पुढे जातात. पण थोडे थांबा. पत्र कोणाकडून आले होते? ज्यांच्या टोळ्यांनी त्याच्या प्रजेची मुले पळविली त्यांच्याकडून. त्याचा संशय चुकला खरा. परंतु तो अकारण नव्हता.

हा राजा पाहावयाचा असेल तर दूर जावयास नको. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगची साथ ओळखली. ओडेसाचे यहूदी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकीन ह्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्याने स्वतःस टोचून घेतली. लोकांवर ह्या गोष्टीचा जो परिणाम व्हावयास हवा होता तो सर्वत्र झाला नाही. का? फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात रँड साहेबांच्या हाताखाली गोरे शिपाई घरांत शिरले. त्यांनी देवघरे व स्वयंपाकघरे तुडविली, बायकामाणसांच्या अंगाची तपासणी झाली, सामान जाळले, आजारी माणसे ओढून नेली. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री रँड ह्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. मनुष्यवध हे पापच. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु ज्या सरकारचा बूट काल देवघरात आला, त्याच सरकारची सुई आज दंडाजवळ आली, तेव्हा लोकांनी वस्त्रे फाडली ह्यात नवल काय? त्यांस शास्त्र कळत नव्हते म्हणून ते भ्याले असे म्हणणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय. त्यांस शास्त्र आणणारा हात ठाऊक होता.

ह्या अंधारात जे दोन दिवे दिसतात त्यांची आठवण ठेवू. पंडिता रमाबाई ह्यांनी १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या दवाखान्याच्या अव्यवस्थेविरुद्ध वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. त्या ख्रिस्ती होत्या, पण राज्यकर्तेही ख्रिस्ती म्हणवितात एवढ्यासाठी त्या गप्प बसल्या नाहीत. आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी आपले पुत्र डॉ. यशवंतराव ह्यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले, त्यांस प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. रोग्यास ओढून नेणे आणि रोग्यास पाठीवर नेणे : दवाखाना दोन्ही ठिकाणी आहे, पण लोकांच्या मनात विश्वास कोठे उपजेल हे सांगावयास नको.

गेहजी कथेत शेवटी येतो, परंतु त्याची गोष्ट येथेच सांगतो. अलीशाने नामानाकडून एक कवडी घेतली नाही. गेहजी मात्र रथामागे धावला, खोटे बोलला, आणि चांदी व वस्त्रे घेऊन आला. देणगी निर्मळ होती; ती पोहोचविणाऱ्या घरातील एकाने ती मळविली. शास्त्राच्याही घरात असे घडते. कोठे लोभ असतो, कोठे निष्काळजीपणा, कोठे दोष लपविण्याची घाई. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांस प्लेगची लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांस टोचले ते १९ जण धनुर्वाताने मेले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर व हाफकीन ह्यांच्यावर ठेवण्यात आला आणि त्यांस कामावरून दूर केले. पुढे पुराव्याची नीट छाननी झाली, तेव्हा दिसले की बाटली उघडताना हाताखालच्या मनुष्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरता शुद्ध न करता वापरला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ साली हाफकीन निर्दोष ठरले. त्याच प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. ती आजही मुंबईत परळ येथे आहे.

ह्या घटनेपासून दोन धडे आहेत. एका गावात १९ माणसे गेल्यावर शेजारच्या गावाने सुईस भ्यावे हे स्वाभाविक आहे. त्या भयास मूर्खपणा म्हणणारा स्वतः निर्दय आहे. परंतु चिमटा मळला म्हणून लस खोटी ठरत नाही, जसे गेहजी खोटा निघाला म्हणून यार्देनेचे पाणी खोटे ठरले नाही. चूक झाली तर ती उघड सांगावी, शोधावी, दुरुस्त करावी. जे लपविले जाते त्यातून अफवा जन्मते, आणि अफवेच्या पायांस काटा टोचत नाही.

आता ज्यांच्यामुळे नामान वाचला त्यांच्याकडे या. सेनापती रागाने परत निघाला होता. दासीने सांगितलेले, संदेष्ट्याने पाठविलेले, सर्व व्यर्थ जाण्याच्या बेतात होते. इतक्यात त्याचे चाकर जवळ आले. शास्त्र सांगते की ते जवळ आले; दुरून ओरडले नाहीत. त्यांनी त्यास बापाच्या नात्याने हाक मारली. त्यांनी त्याच्या अभिमानाची थट्टा केली नाही, त्याच्या नद्यांस नावे ठेविली नाहीत. एखादे अवघड काम सांगितले असते तर आपण केलेच असते; मग हे तर सोपे आहे, एवढेच त्यांनी सुचविले. सेनापती नदीकडे वळला. राजाच्या पत्राने जे झाले नाही, संदेष्ट्याच्या निरोपानेही जे झाले नाही, ते घरच्या माणसांच्या चार शब्दांनी झाले.

लसीचा इतिहास पाहा, हेच चाकर सर्वत्र दिसतील. प्लेगच्या दिवसांत मुंबईतील खोजा समाज लसीस भीत होता. त्यांचे धर्मगुरू आगाखान, त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावरील तरुण, ह्यांनी सर्वांसमक्ष स्वतःस टोचून घेतले, आणि त्यांच्या अनुयायांची भीती कमी झाली. पोलिओचे उदाहरण आमच्याच काळातील आहे. २००९ साली जगातील पोलिओच्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्मे भारतात होते. उत्तर प्रदेशाच्या काही भागांत डोस दिल्याने पुढे मूल होत नाही अशी अफवा होती व दारे बंद होत होती. ती दारे हुकमाने उघडली नाहीत. मोहल्ल्यातील बाया घरोघर बसून बोलल्या, मौलवींनी मशिदीतून सांगितले, त्यांनी बाळे मांडीवर घेऊन डोस पाजविले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालातील हावडा जिल्ह्यातील एका मुलीस झालेला पोलिओ हा भारतातील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रोगी ठरला. २७ मार्च २०१४ रोजी भारतास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

आणि करोनाची लस १६ जानेवारी २०२१ रोजी आमच्या देशात सुरू झाली तेव्हाचे दिवस कोण विसरेल? लस घेतली की माणूस मरतो, ही बातमी वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली. पण ती पोहोचली कोणाच्या हाताने? महागडे फोन बाळगणाऱ्या, वाचता येणाऱ्या लोकांच्या हाताने. आणि खरी बातमी घेऊन उन्हात पायी कोण आली? आशाताई. गावचीच सून, गावचीच लेक, तुटपुंज्या मोबदल्यावर काम करणारी. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. नामानाच्या घरची ती बिननावाची दासी आम्हांस ह्या बायांत दिसते.

येथे एक धर्माचा प्रश्न उरतो, आणि तो विचारणारे आमच्या मंडळ्यांतही आहेत. देव बरे करतो असा विश्वास असल्यावर सुई कशाला? प्रार्थना पुरे नव्हे काय? बोस्टनमध्येही हाच आक्षेप निघाला होता की, रोग देवाने पाठविला, त्यास अडविणे म्हणजे देवाच्या हातास हात लावणे होय. परंतु शास्त्र काय दाखविते? देवास नामान एका शब्दाने बरा करता आला असता; त्याने त्यास नदीवर पाठविले. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, ती ऐकली गेली, आणि तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप बांधविला. पौलासारख्या प्रार्थनाशील मनुष्याचा सोबती लूक वैद्य होता. उपाय नाकारणे म्हणजे विश्वास नव्हे. कित्येकदा तो नामानाचाच अभिमान असतो : आमच्यासाठी देवाने समारंभ करावा, साधे पाणी आम्हांस नको.

उलट बाजूचेही सांगितले पाहिजे. शास्त्रास देव मानणारेही नामानासारखेच चांदीच्या थैल्या घेऊन येतात. पैसा टाकला की सर्व विकत मिळते असे त्यांस वाटते. अलीशाने थैल्या परत केल्या. ज्ञान ही देणगी आहे. ती एका देशाची, एका जातीची, एका कंपनीची मिरास नव्हे. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या मे महिन्यात जाहीर केले. तो नाहीसा झाला कारण लस श्रीमंतांच्या दंडापाशी थांबली नाही. भारतातील, बांगलादेशातील, सोमालियातील शेवटच्या झोपडीपर्यंत गेली. एक झोपडी सुटली असती तर राजवाडाही सुटला नसता. तुमच्या घरातील वृद्धांच्या दंडावर जो वण आहे, तो ह्या कार्यातील त्यांच्या वाट्याची खूण होय. आणि आमच्या भाषेत लस टोचण्यास देवी काढणे हेच नाव पडले, हेही किती बोलके आहे! लोकांनी जुना शब्द टाकला नाही. त्याच शब्दाच्या पोटात नवी विद्या वसविली.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, शाळामास्तरांनो आणि मंडळीतील मातांनो, तुमच्याशी शेवटचे चार शब्द. तुम्ही नामानाचे चाकर आहा. गावात नवे औषध येईल तेव्हा कोणास अडाणी म्हणू नका. तो का भितो हे आधी विचारा. त्याची म्हातारी सरकारी दवाखान्यात दिवसभर ताटकळून परत आली असेल, तर त्याचा राग लसीवर नाही, हे ओळखा. लस प्रथम आपल्या व आपल्या लेकरांच्या दंडावर घ्या, मग दुसऱ्यास सांगा. ताप येईल, हात दुखेल, हे आधीच सांगा. काहीच होणार नाही असे म्हणू नका, कारण रात्री ताप आला म्हणजे सकाळी तुमचा शब्द खोटा ठरतो. आणि ज्यास काल तुम्ही लस घेण्यास सांगितले त्याच्या दारी आज जाऊन त्यास बरे आहे काय हे विचारा. फोनवर आलेली बातमी पुढे पाठविण्यापूर्वी, ही कोणी मोजली, कोणी पाहिली, एवढे दोन प्रश्न स्वतःस विचारा. जे तुम्हांस ठाऊक नाही ते परिचारिकेस किंवा डॉक्टरास विचारून सांगतो असे म्हणा. त्यात कमीपणा नाही.

आणि जे वर बसले आहेत, ज्यांच्या हाती हुकूम व शिक्का आहे, त्यांनीही ही कथा वाचावी. लोक शास्त्रावर विश्वास ठेवीत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी, आपण लोकांच्या घरात कोणत्या पावलांनी गेलो, हे त्यांनी पाहावे.

यार्देनेचे पाणी गढूळ होते, साधे होते, परक्या देशाचे होते. सेनापती आपला झगा काढून त्यात उतरला, आणि त्याचे अंग लहान मुलाच्या अंगासारखे झाले, असे शास्त्र सांगते. ज्या मुलीने प्रथम वाट सांगितली तिचे पुढे काय झाले हे लिहिलेले नाही. परंतु तिची गोष्ट ज्यांनी ऐकली, आणि जे जवळ येऊन प्रेमाने बोलले, त्यांच्यामुळे एक मनुष्य वाचला. अशी वाट सांगणारे व असे जवळ येऊन बोलणारे प्रत्येक गावी निघोत, आणि ऐकणाऱ्यांस नम्रता व सांगणाऱ्यांस सचोटी परमेश्वर देवो. आमेन.